माडीच्या फळ्या



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भिवंडीतल्या माहेरच्या घराचा निरोप घेतला. घर पाडून तिथं इमारत होणार आहे. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला. माडीच्या फळ्यांचे चांगले पैसे देतोय." अम्मी काही बोलली नाही. उठून माडीवर जाऊन बसली. त्याच फळ्यांवर आम्ही चारही भावंडं रांगलो होतो.

मी भावांना म्हटलं, एका खोलीपुरत्या फळ्या मला द्या, माझ्या हिश्श्यातून पैसे वळते करा. भाऊ तयार झाले, पण आमच्या घरातून विरोध झाला. त्याला कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी कल्याणच्या फ्लॅटमध्ये आम्ही हौसेनं 'वुडन फ्लोअरिंग' केलं होतं. दुकानदारानं पाण्याची चिंता करू नका असं सांगितलं आणि आम्ही विचारलंही नाही. पहिल्याच पावसात बाल्कनीच्या बाजूनं पाणी आलं, कडा फुगून वर आल्या आणि साठवलेले पैसे गेले.

ते लाकूड नव्हतंच, हे नंतर कळलं. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचं चित्र छापलेला कागद. ते घासून पुन्हा नवं करता येत नाही. इंजिनिअर्ड फ्लोअरिंगमध्ये प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. थर चांगला जाड असेल तर एखाद-दोन वेळा घासता येतो. अख्ख्या सागाची फळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या घासून वापरता येते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: वरचा लाकडाचा थर किती मिलिमीटर?

सागाची महती आपल्या भागाला नवी नाही. शहापूर-मुरबाडच्या जंगलात साग आहे, आणि कल्याणच्या खाडीवर शिवाजी महाराजांच्या काळात जहाजं बांधली गेली. मुंबईच्या गोदीत सागापासून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज 1817 साली पाण्यात उतरलं. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी आणि पाणी त्याला सहजासहजी खात नाहीत. बाहेरच्या फिकट लाकडात मात्र तो गुण नसतो. जुनी फळी घेताना कडा पाहा, नखानं टोचून पाहा. बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर ती फळी सोडून द्या.

काम डिसेंबरात काढलं. पावसाळ्यात लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, म्हणून तेव्हा हात लावू नये. फळ्या आणून मध्ये पट्ट्या घालून दोन आठवडे त्याच खोलीत रचून ठेवल्या. सुतार मिस्त्रींनी चुंबक फिरवून गंजलेले खिळे शोधले, कारण एक खिळा राहिला तरी मशीनचा पट्टा फाटतो. काही फळ्यांवर जुना रंग होता, त्या आम्ही घेतल्याच नाहीत. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून.

मग आधी 60 नंबरचा पॉलिश पेपर, नंतर 80, शेवटी 120, नेहमी रेषांच्या दिशेनं. भिंतीशी बोटभर जागा मोकळी सोडली. फळी फुगली तर तिला सरकायला जागा हवी. वरून स्कर्टिंग आलं की ती फट दिसत नाही. चपडीचं पॉलिश कपाटाला शोभतं, पण जमिनीवर पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात. आम्ही पी.यू.चे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर हलकं घासून. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मुलांना चार दिवस खालाकडे पाठवलं. कुणी जवसाचं तेल लावणार असेल तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

स्वयंपाकघरात आमच्याकडे अजूनही कोटाच आहे, आणि तोच राहील. रोज पाणी ओतून धुण्याची सवय असेल तर लाकडाच्या वाटेला जाऊ नये. ओल्या फडक्यानं, तेही घट्ट पिळून, पुसणं एवढंच त्याला सोसतं.

अम्मी आता त्या खोलीत राहते. आली त्या दिवशी अनवाणी फिरली, खिडकीपाशी थांबली आणि एका गाठीवर पाय ठेवून म्हणाली, "ही जिन्याजवळची." आता वजू करून कुणी आत शिरलं की तिचा आवाज येतो, "आधी पाय पुसा!" दाराशी जाड टॉवेल तिनंच अंथरलाय.