तिच्या नावाचा व्हिसा

परदेशातल्या एमबीएने माणसाच्या कामाची दिशा पार बदलून जाते, हे आपल्या सुशिक्षित घरांना पक्के ठाऊक आहे. म्हणून तर मुलासाठी फ्लॅट गहाण पडतो, वडील भविष्य निर्वाह निधीला हात घालतात, मामा जामीन राहतो. मग त्याच घरातली, तितकीच हुशार, तितकीच कमावती मुलगी हे शिक्षण मागते तेव्हा उत्तर का बदलते? पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, मडगाव, कुठेही विचारा. "तिचे आता लग्नाचे बघायचे आहे," असे सांगतात आणि विषय संपवतात. हा उघड अन्याय आहे, आणि तो अडाणी माणसे करत नाहीत. पदव्या घेतलेली, वर्तमानपत्र वाचणारी, सावित्रीबाईंच्या जयंतीला हार घालणारी माणसे तो करतात.

बाविसाव्या वर्षी एमएस करायला निघालेल्या मुलीला आता आपण कौतुकाने विमानतळावर सोडायला जातो. एवढे आपण बदललो, हे मान्य. पण एमबीएचे तसे नाही. चांगल्या बिझनेस स्कूलना नुकतीच पदवी घेतलेला विद्यार्थी सहसा नको असतो. तीन ते पाच वर्षे नोकरी केलेला हवा असतो, कारण वर्गातली निम्मी चर्चा विद्यार्थ्यांच्या अनुभवावर चालते. म्हणजे मुलगी अर्ज करण्याजोगी होते ती सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी. नेमकी तेव्हाच घरात तिची पत्रिका बाहेर निघते. हिंजवडीत किंवा पवईत चार वर्षे राबून, बढती मिळवून, रात्री जागून जीमॅटचा अभ्यास केलेली मुलगी "दोन वर्षे जाऊन येते" म्हणते आणि तिला ऐकवले जाते, की परत येशील तेव्हा एकोणतीस उलटलेली असेल, कोण करील तुला? भावाला सत्ताविसाव्या वर्षी हे कुणीही विचारले नव्हते. त्याचे तर स्थळ एमबीएनंतर अधिक भारी झाले.

आपण तिला काय नाकारतो, ते तरी समजून घेतले पाहिजे. दुसऱ्याने ठरवलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी करणारी इंजिनिअर ते सॉफ्टवेअर कुणासाठी आहे, त्याची किंमत कोण ठरवतो, पैसा कुठून येतो, या चर्चेच्या खोलीबाहेरच असते. एमबीए तिला त्या खोलीत नेते. पहिल्या वर्षी हिशेब, वित्त, विपणन, उत्पादन यांचा पाया होतो. मग दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते, आणि खरा पालट इथे घडतो. इंजिनिअर बँकेत, औषधशास्त्राची पदवीधर सल्लागार कंपनीत, सनदी लेखापाल एखाद्या नव्या उत्पादनाच्या चमूत काही आठवडे काम करून पाहते. काम जमले तर पुष्कळदा नोकरीचा प्रस्ताव तिथेच हाती पडतो. आपल्याकडे चाळिशीपर्यंत माणूस पहिल्या नोकरीच्या खात्यात अडकून राहतो. तिथे खाते बदलण्याची रीतसर सोय आहे. ज्यांना दोन वर्षे परवडत नाहीत त्यांच्यासाठी युरोपात छोटे अभ्यासक्रम आहेत. फ्रान्समधल्या इन्सिआडचा एमबीए दहा महिन्यांत पुरा होतो.

आणि तिथे बोलावे लागते. हार्वर्डने रुजवलेल्या केस पद्धतीत प्राध्यापक सरळ व्याख्यान देत नाहीत. एखाद्या कंपनीचा खराखुरा पेच मांडतात आणि नव्वदेक जणांच्या वर्गात कुणाचेही नाव घेऊन विचारतात, तुम्ही असता तर काय केले असते? वर्गातल्या सहभागाला गुण असतात, ते गप्प बसणाऱ्याचे जातात. "मोठ्यांमध्ये तोंड घालू नकोस" हे ऐकत वाढलेल्या मुलीला रोज उठून आपले मत मांडावे लागते, ते खोडून काढणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, कधी चुकून पुन्हा उभे राहावे लागते. मला या शिक्षणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पगारापेक्षाही मोलाची.

हे शिक्षणही बायकांना आयते मिळालेले नाही. हार्वर्डचा एमबीए १९०८ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या वर्षाला स्त्रियांना थेट प्रवेश मिळायला १९६३ उजाडले. त्यानंतर पंधरा वर्षांनी चेन्नईच्या परंपरानिष्ठ घरातली एक अविवाहित मुलगी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात व्यवस्थापन शिकायला गेली. कलकत्त्याच्या आयआयएमची पदविका तिच्याकडे होती. मुंबईत जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये नोकरी करताना, ज्या वस्तूचे नाव घरात उच्चारले जात नसे ते सॅनिटरी नॅपकिन बाजारात आणण्याच्या कामात ती होती. येलला तिने रात्रपाळीत स्वागतिकेचे काम करून पैसे जोडले. इंद्रा नूयी २००६ मध्ये पेप्सिकोच्या प्रमुख झाल्या, ते आपण अभिमानाने सांगतो. पण १९७८ साली त्यांच्या आईवडिलांनी अविवाहित मुलीला जाऊ दिले, हा त्या कहाणीतला सर्वांत अवघड निर्णय होता, आणि तो घेण्याचे धैर्य आज सोसायटीत राहणाऱ्या, दोन गाड्या बाळगणाऱ्या बापांकडे नाही.

परदेशाची भीती वाटते म्हणावे, तर तेही खरे नाही. याच घरांना "मुलगा अमेरिकेत आहे" असे स्थळ आले की किती आनंद होतो! सहा महिन्यांत लग्न लागते आणि एकट्या मुलीला परक्या देशात पाठवायला नकार देणारे आईबाप फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसाबरोबर तिला तिकडे धाडतात. आता ती एच-४ व्हिसावर जाते, म्हणजे नवऱ्याची अवलंबित म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला, तोही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यावर पोचले असेल तरच. हीच मुलगी विद्यार्थिनी म्हणून एफ-१ व्हिसावर गेली असती, तर आजच्या नियमांनुसार पदवीनंतर किमान वर्षभर तिला तिच्या शिक्षणाच्या जोरावर काम करता आले असते. देश तोच, थंडी तीच, अंतर तेच. स्वतःच्या नावाचा व्हिसा आपल्याला असुरक्षित वाटतो आणि नवऱ्याच्या नावावरचा सुरक्षित वाटतो. याला काळजी म्हणू नका. मुलगी कुणाच्या तरी ताब्यात असल्याखेरीज आपल्याला झोप लागत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नवऱ्याला मागे ठेवून वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या. त्यांच्यावर नाटक झाले, चित्रपट झाला, आपण डोळे पुसत तो पाहिला.

आता पैशाचे बोलू. ज्यांच्या घरात तो नाहीच, त्यांना मी दोष देत नाही. मी बोलतो आहे ते ज्यांनी मुलासाठी उभा केला त्यांच्याविषयी. अमेरिकेतल्या नामांकित संस्थेत दोन वर्षांचा सगळा खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. कर्जाशिवाय ते जमत नाही, आणि साडेसात लाखांच्या पुढच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. तारण म्हणजे घर. आणि घर कुणाचे, तर भावाचे! कायद्याने महाराष्ट्रात १९९४ पासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा आहे; २००५ मध्ये तो देशभर झाला. पण कायदा होताच आपण हक्कसोडपत्राची वाट रुळवली. बहिणीने माहेर टिकवायचे असेल तर तलाठ्यापुढे, निबंधकापुढे जाऊन सही करायची. जिचा वाटा असा लिहून घ्यायचा आहे, तिच्या शिक्षणासाठी तेच घर गहाण कोण टाकील? लग्नासाठी मात्र पैसा निघतो. कार्यालय, हळद, संगीत, ड्रोनवाला फोटोग्राफर, शे-दोनशे तोरणे, जेवणावळी, आणि यांतले काहीही तिच्या नावावर राहत नाही.

"लग्नानंतर शिक, ते शिकवतील" हे सर्वांत फसवे आश्वासन आहे. लग्नानंतर कर्जाला सहकर्जदार म्हणून बहुधा नवरा किंवा सासरा उभा राहावा लागतो. वधू उच्चशिक्षित हवी, पण वरापेक्षा जास्त शिकलेली नको, अशी अट मनात धरूनच ज्यांनी तिला पसंत केले, ते ही सही करतील?

अलीकडे बापांच्या हाती नवे कारण आले आहे. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. ब्रिटनने पदवीनंतर राहण्याची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणण्याचे ठरवले. जोखीम खरी आहे आणि ती हिशेबात धरलीच पाहिजे. पण तोच हिशेब मुलासाठी मांडताना आपण सिंगापूर पाहतो, जर्मनी पाहतो, परत येऊन मुंबईत काय मिळेल ते विचारतो. मुलीसाठी मांडताना वही मिटून ठेवतो.

बहुतेक मोठ्या बिझनेस स्कूलच्या अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास असते आणि दुसरी जानेवारीत. मध्ये तुळशीचे लग्न येते आणि पाहण्याचे कार्यक्रम सुरू होतात. ज्या आईबापांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांनी यंदा स्थळांच्या आधी तिचा अर्ज वाचावा, घराचे कागद आणि ठेवींच्या पावत्या दोन्ही मुलांसमोर मांडाव्यात आणि लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम किती, ते तिला स्पष्ट सांगावे. ती कुठे खर्चायची, ते तिने ठरवू द्यावे. भावांनी हक्कसोडपत्र पुढे करू नये. आणि कुणी केलेच, तर मुलींनो, त्यावर सही करू नका.