इंजिन खोलायच्या आधी कान लावा



ऐन उन्हाळ कांदा भरायच्या टायमाला आमच्या २० वर्षं जुन्या ट्रकच्या इंजिनात ठक-ठक सुरू झाली. गॅरेजवाला आला, दोन मिनिटं ऐकलं अन् म्हणाला, "बेरिंग गेलं. इंजिन खोलावं लागंल, ७० हजार धरून चाला." माझ्या डोळ्यापुढं कांद्याची सगळी पट्टीच उभी राहिली.

बेरिंगची शंका असताना गाडी चालवायची नसते. म्हणून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना मोटरसायकलवर मळ्यात आणलं. त्यांनी आधी ऑइल बघितलं, इंजिन गरम करून प्रेशरचा काटा बघितला. दोन्ही ठीक. मग इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करत गेले. तिसऱ्याला ठोका बंद! म्हणजे दोष तिसऱ्या सिलिंडरात. पण नोझलचा का बेरिंगचा? नट सैल केला की दोन्हींचा आवाज कमी होतो. म्हणून त्यांनी तिसऱ्याचं नोझल पहिल्याला बसवलं अन् पहिल्याचं तिसऱ्याला. ठोका पहिल्यात गेला. म्हणाले, "बेरिंग काय जागा बदलत नसतं." नोझल तपासलं तर फवारा नाही, नुसती धार अन् थेंब. २ हजारात काम झालं.

त्यांच्याकडून शिकलो ते असं:

वरून बारीक टिक-टिक म्हणजे बहुतेक टॅपेट. फिलर गेज लावून गॅप बघा.
थंड इंजिनात आवाज अन् गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन-लायनर झिजल्याची शंका.
खालून जड ठोका, गरम झाल्यावर अन् लोडवर वाढणारा, सोबत ऑइल प्रेशर कमी, तर बेरिंग. इंजिन तिथंच बंद करा. ऑइल फडक्यातून गाळा. धातूची चमक दिसली तर खोलायलाच लागतं.

नट सैल करायचं काम जाणत्याचंच. डिझेलची धार कातडीत घुसते. नव्या कॉमनरेल गाडीला तर हे करूच नका.

आता माझं मत. सगळा दोष गॅरेजवाल्याला देऊन चालणार नाही. आपण खोलायचे पैसे देतो, ऐकायचे देत नाही. अर्धा दिवस डोकं लावून कुणी दोष शोधला तर आपण म्हणतो, "केलं काय? नटच तर फिरवला!" मग तो खोलणारच. त्यालाही पोट आहे.

अन् आपणही कमी नाही. १० वर्षांपूर्वी असाच जड ठोका येत होता, ऑइलचा लाल दिवा लागत होता. मी म्हणालो, एवढी खेप होऊ द्या. खेप झाली, पण क्रँक गेला. तेव्हा खोलायला सांगणारा मिस्त्री खरा होता, मीच ऐकलं नाही.

म्हणून या वेळी म्हाताऱ्या मिस्त्रींना मजुरी दिली अन् वर ५०० वेगळे दिले. ते नको म्हणत होते. म्हणलं, "हे पान्याचे नाहीत, कानाचे आहेत."

बघा पटतंय का.