नाताळच्या झाडावर तान्हा पोळा

भगिनींनो, परदेशातल्या नातीच्या नाताळच्या झाडासाठी मी महालात बसून फेल्टचे बारा नग शिवते आहे, म्हणून शेजारणी हसतात. हसोत बापड्या! मी संत्री शिवते, तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा बैल शिवते.

फेल्ट विणलेले नसते. लोकरीचे तंतू दाबून केलेले असते. म्हणून कडेचे दोरे सुटत नाहीत, काठ दुमडावा लागत नाही. भरतकाम मात्र दोन्ही बाजू जोडण्यापूर्वीच उरकावे. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्यावेत. मग कडेने काजटाका घालावा, दोन बोटे फट ठेवून कापूस भरावा.

महिन्याला एक नग होतो. बैलाच्या झुलीने मात्र दोन महिने खाल्ले. नात मराठी विसरत चालली आहे. बैल पाहून ‘हा कोण?’ एवढे तरी विचारील.