गोळा सगळ्यांदेखत पडतो

आमच्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची जाहिरात या आठवड्यात वाचली आणि संताप आला. पद एकच, सायबर सुरक्षा अधिकारी. पात्रता: संगणक शाखेची पदवी, प्रथम श्रेणी, पाच वर्षांचा अनुभव आणि एमएस-सीआयटी. निवड मुलाखतीतून. ठेवीदारांच्या पैशावर पहारा ठेवणाऱ्याला पहारा करता येतो का, हे यात कुठेच तपासलं जाणार नाही.

याच जिल्ह्यात पोलीस भरती कशी होते ते बघा. पाथर्डी-जामखेडची पोरं पहाटे अंधारात रस्त्याकडेने धावतात ती मैदानी चाचणीच्या 50 गुणांसाठी. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. बारावी पास असलं की पुढे टक्केवारी कोणी विचारत नाही. गोळा सगळ्यांदेखत पडतो, अंतर मोजलं जातं, गुण त्यावर. शेतमजुराचा आणि फौजदाराचा मुलगा एकाच रेषेवरून सुटतात. मैदानात निम्मे गुण मिळाले तरच 100 गुणांच्या लेखीचा विचार. शिपाई निवडताना आपण एवढे काटेकोर, आणि तिजोरीचा राखणदार मात्र चहाच्या कपावर गप्पा मारून निवडायचा?

सायबरचं मैदान आखणं तर याहून सोपं. एक लॅपटॉप, दोन तास, नकली नोंदींची एक फाईल. हजारो लॉगिनमधून रात्री अडीचला एकाच खात्यावर झालेले संशयास्पद प्रयत्न शोधून दाखव. या पाच ईमेलपैकी फसवा कोणता, आणि कशावरून? मग व्यवस्थापकाला कळतील अशा चार ओळी लिही: आत्ता काय बंद करायचं, कोणाला कळवायचं. अनुभवी उमेदवाराला हे जमलंच पाहिजे. नवख्याचा कल पाहायचा: विसंगती डोळ्यांना खटकते का, तासभर काही हाती लागलं नाही तरी तो चिकटून राहतो का. उत्तरपत्रिकेवर नाव नको, फक्त क्रमांक. संचालकांचा भाचा असला तरी क्रमांकच. चार पर्यायांतून एक निवडायच्या परीक्षेवर मात्र माझा विश्वास नाही. ती पाठांतराने सुटते.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेले. शनिवारी, 11 तारखेला, 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत 78 कोटी काढले गेले. मंजुरी देत होता चोरांनी मधे घुसवलेला बनावट स्विच, म्हणजे व्यवहार मंजूर करणारी नकली यंत्रणा. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला रवाना झाले. अशा वेळी वेगळी हालचाल ओळखून लगेच बोंब मारणारं माणूस लागतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आखली. पतसंस्था तिच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून त्यांनी तर माणूस जास्तच पारखून घ्यायला हवा. आणि कागदाऐवजी काम पाहायची कल्पना माझी एकट्याची नाही: अमेरिकी सरकारनेही एप्रिल 2024 मध्ये आपल्या आयटी नोकऱ्यांत पदवीपेक्षा कौशल्य पाहायचं जाहीर केलं.

बचत गटाची वही वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या बाईला एका रुपयाची गफलत लगेच खटकते. तिच्या हाताखाली हिशेब शिकलेली पोरगी या कामात प्रथम श्रेणीवाल्याला मागे टाकेल, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तिला चाचणीला बसू द्यावं. आजच्या जाहिरातीप्रमाणे तिला अर्जही करता येत नाही.