नावडतीचे मीठ

दहा कोटी लोकांच्या हातात गेलेल्या वस्तूला कोणी ‘लोकप्रिय नाही’ म्हटले तर आपण त्याला वेड्यात काढू. मोबाइलच्या बाजारात मात्र हे शहाणपणाचे वाक्य ठरते.

जिओफोन आठवा. २१ जुलै २०१७ रोजी मुकेश अंबानींनी भागधारकांपुढे तो धरला आणि किंमत सांगितली शून्य. दीड हजार रुपये अनामत, तीही तीन वर्षांनी परत (परतीच्या अटी बारीक अक्षरांत). २.४ इंचांचा पडदा, बोटाने दाबायची खरीखुरी बटणे, ५१२ एमबी रॅम. २०२० साली कंपनीने दहा कोटींचा आकडा जाहीर केला, तेव्हा या देशात आयफोनवाले त्याच्या जवळपासही नव्हते. फोनच्या पोटात अँड्रॉइड नव्हते, होते काईओएस. हे मुळात फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने टाकून दिलेले पोर. २०१४ मध्ये इंटेक्सने दोन हजारांत मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसचा फोन भारतात विकून पाहिला. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनच्या धंद्यातून अंग काढून घेतले. आज्ञावली सगळ्यांना खुली होती, म्हणून दुसऱ्यांनी ती उचलली, तिच्यावर बटणे चढवली आणि नाव बदलून काईओएस केले.

या फोनला व्हॉट्सॲप मिळायला सप्टेंबर २०१८ उजाडला. ते आले आणि फोनला अर्थ आला. ज्यांना लिहिणे जड जाते, त्यांना एक बटण दाबून बोलून पाठवता येऊ लागले. बचत गटाचा निरोप, दुबईला गेलेल्या मुलाचा फोटो, शाळेचा अभ्यास, सगळे त्या इवल्याशा पडद्यावर. पण पायरी कायम शेवटची. करोनाकाळात सरकारचे ‘आरोग्य सेतू’ ॲप अँड्रॉइड आणि आयफोनवर एप्रिल २०२० च्या सुरुवातीला आले, जिओफोनवर मे महिन्याच्या मध्यावर. साथ तेवढे दिवस थांबली असेल, असे सरकारला वाटले असावे.

आतली रड वेगळीच. काईओएसच्या ज्या आवृत्तीवर हे फोन चालले, तिचे वेब-इंजिन २०१६ सालचे. अख्खी प्रणालीच ब्राउझरवर उभी, म्हणजे पायाच जुना. संकेतस्थळे पुढे गेली, सुरक्षेचे नवे नियम आले, पाने अर्धवट उघडू लागली. २०२० मध्ये मोझिला आणि काईओएसची कंपनी काई एकत्र आले, २०२१ मध्ये नव्या इंजिनाची तिसरी आवृत्तीही निघाली. जुन्या जिओफोनच्या वाट्याला ती आली नाही. एवढ्याशा रॅमवर नवे इंजिन चालवणे सोपे नव्हते, हे मान्य. पण रॅम किती द्यायची हे काही गिऱ्हाइकाने ठरवले नव्हते.

मग जून २०२४ मध्ये काईच्या दुकानातून व्हॉट्सॲप उतरले. ज्यांच्या फोनवर आधीच होते, त्यांना २०२५ च्या सुरुवातीपर्यंत मुदत. वेगळ्या प्रणालीसाठी वेगळी आज्ञावली सांभाळायची, तिचे दोष काढायचे, आणि वापरणारा कोण, तर ज्याला जाहिरात दाखवून फारसे काही विकता येत नाही असा. हिशेब सरळ आहे. लोकप्रियता डोक्यांवर मोजत नाहीत, खिशांवर मोजतात. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात ते हेच. मीठ तेवढेच असते, जीभ कोणाची यावर चव ठरते.

आता यातली सोयरीक पाहा. व्हॉट्सॲपच्या मालकांनी एप्रिल २०२० मध्ये ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी गूगलने ३३,७३७ कोटी ओतले. गूगलने तर त्याआधी, २०१८ मध्ये, खुद्द काईओएसमध्येही २.२ कोटी डॉलर घातले होते. तेच गूगल पुढे जिओबरोबर बसले आणि २०२१ च्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला तो अँड्रॉइडवर, ६,४९९ रुपयांना. म्हणजे जिओफोन ज्याचा, तो जिओ. व्हॉट्सॲप ज्याचे, तो जिओचा भागीदार. आणि काईओएसमध्ये पैसा घालणाराही जिओचा भागीदार. एका ताटात जेवणाऱ्या तिघांपैकी एकालाही या फोनची कड घ्यावीशी वाटली नाही. त्यांना कोणी विचारलेही नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांत आयफोनची एखादी सोय दोन दिवस बंद पडली की अग्रलेख येतात. इथे बातमी आली ती ‘या फोनांवर व्हॉट्सॲप बंद होणार’ छापाच्या यादीत, एका ओळीची.

औषधाच्या पाकिटावर, बिस्किटाच्या पुड्यावर मुदत छापावी लागते. फोनची मुदत छापा, एवढेही आपल्याकडे कोणी बजावलेले नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार, हे सांगावे लागते. तो कायदाही इथे पुरा पडला नसता, कारण फोन बनवणारा वेगळा, प्रणालीवाला वेगळा आणि ज्याच्यासाठी फोन घेतला तो ॲपवाला तिसराच. तरी निदान दुकानात विचारायला एक तारीख तरी असती.

ती तारीख कोणाला हवी होती? २०२३ च्या दिवाळीला जिओफोन प्रायमा नावाचा नवा फोन बाजारात आला. किंमत २,५९९ रुपये, आत काईओएस, आणि जाहिरातीत ठळकपणे मिरवलेले नाव व्हॉट्सॲपचे. सणाच्या बोनसमधून कोणी तो आईसाठी घेतला असेल, तर पुढची दिवाळी तिने त्यावर शुभेच्छा पाठवल्या असतील. त्यानंतरची नाही.