चार शहरे, पाच घरे आणि आपली माणसे

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा कुठे जायचे? थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले खिशाला परवडत नाहीत, परदेशवारी तर दूरच. मग कोणीतरी सुचवते, ''वडोदऱ्याला दादा-वहिनी आहेत, इंदूरला मावशी आहे, दिल्लीकडे भाचा आहे. एकाच फेरीत सगळ्यांकडे जाऊन येऊ. राहण्या-जेवणाचा खर्च नाही, मुलांना चार शहरे पाहायला मिळतील आणि गाठीभेटीही होतील.'' हा बेत कागदावर इतका सुरेख दिसतो की त्याला नाही म्हणणे कोणालाच जमत नाही.

फेरी आटोपून घरी परतल्यावर मात्र सूर बदलतो. ''फार दगदग झाली'', ''कोणाकडेही धड बसता आले नाही'', ''एवढे करूनही अमुक रुसलेच!'' तिकडे यजमानांच्या घरीही बोलणे होते, ''आले काय अन् गेले काय! आपल्याकडे फक्त झोपायला येत होते.''

आपलीच माणसे, आपलीच घरे, मग हा कडवटपणा कुठून येतो?

वाटेवरची मराठी घरे

मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या मराठी कुटुंबाला वाटेत नातेवाईक भेटतात, यात नवल नाही. अठराव्या शतकात गायकवाड, होळकर आणि शिंदे यांनी वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथे जम बसवला. त्यांच्यामागून कारकून, शिक्षक, वैद्य, गवई यांची कुटुंबे गेली आणि तिथलीच झाली. सयाजीराव गायकवाडांनी (कारकीर्द १८७५ ते १९३९) आपल्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आजही मराठी कानावर पडते. ग्वाल्हेरच्या गायकीचे नाव राखणारे पंडित कृष्णराव शंकर पंडित (१८९३-१९८९) हेही मराठी घरातलेच. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे गेलेली मंडळी त्या मानाने नवी. त्यांना तिकडे नोकरीने नेले.

त्यामुळे अशी फेरी मुलांना पुष्कळ काही देऊ शकते. इंदूरचा मावसभाऊ ''काय करून राहिलास?'' असे विचारतो तेव्हा ठाण्या-पुण्याची मुले आधी खोखो हसतात. थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात येते की आपल्या बोलण्यात दर दुसरा शब्द इंग्रजी आहे आणि इंदूरचा भाऊ मात्र सरळ मराठीत बोलतो आहे. हा धडा कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. तो मिळवायला त्या घरात राहावे लागते, नुसता मुक्काम टाकून भागत नाही.

सोळा दिवसांची फेरी

ठाण्याच्या एका कुटुंबाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नवरा खाजगी कंपनीत, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांचा बेत आखला. वडोदऱ्याला थोरले दीर, इंदूरला मावशी, ग्वाल्हेरला नवऱ्याचा कॉलेजातला मित्र आणि नोएडाला भाचा. प्रत्येक ठिकाणी तीन रात्री, तीन रात्री गाडीत आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी घर.

वडोदऱ्यात एक दिवस लक्ष्मी विलास राजवाडा आणि सयाजी बाग, दुसऱ्या दिवशी सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा पाहायला एकतानगर. इंदूरला एक दिवस महेश्वर, अहिल्याबाईंची राजधानी. दुसऱ्या दिवशी उज्जैन. सकाळी पोहे-जिलेबी बाहेर, रात्री सराफ्यात खाणे. दिवसा दागिन्यांची दुकाने आणि रात्री खाण्याची रांग लागणारा तो बाजार पाहून मुले हरखून गेली. त्यातच दुपारी वेळ काढून मावशीच्या दिरांकडेही उभ्या उभ्या जाऊन आले. नोएडाला पोहोचेपर्यंत सगळे इतके थकले होते की लाल किल्ल्यासमोर उभे राहून मुलगा म्हणाला, ''आता घरी जाऊ या.''

एकच शहर याला अपवाद ठरले, ते म्हणजे ग्वाल्हेर. मे महिन्यात तिथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. सकाळी लवकर किल्ला पाहून झाला की अकरा ते पाच घराबाहेर पडण्याची सोय नाही. पडदे ओढलेले, कूलर घरघरतो आहे, जमिनीवर सतरंजी अंथरली आहे आणि मधे पन्ह्याचा तांब्या. वीस वर्षांपूर्वीचे दोन मित्र तीन दुपारी मनसोक्त बोलले. मित्राने दोन वर्षांपूर्वी नोकरी गमावली होती, ही गोष्ट त्याने तिसऱ्या दुपारी सांगितली. फोनवर दर महिन्याला बोलणे होत असूनही ती कधी निघाली नव्हती. ऊन नसते तर ती दुपारही जयविलास महाल पाहण्यात गेली असती.

पाहुणचाराचा भार कोणावर?

''राहण्या-जेवणाचा खर्च नाही'' असे आपण सहज म्हणून जातो. खर्च असतोच, फक्त तो दुसऱ्याच्या खिशातून जातो आणि त्याहून अधिक दुसरीच्या अंगातून.

वडोदऱ्याच्या जाऊबाई घरी शिकवण्या घेतात. पाहुणे येणार म्हणून त्यांनी तीन दिवस त्या बंद ठेवल्या. नोएडाचा भाचा आणि त्याची बायको दोघेही नोकरी करणारे, घर दोन खोल्यांचे. भाच्याच्या बायकोने दोन दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याशी लॅपटॉप ठेवून ऑफिसची मीटिंग केली, कारण बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या पसरल्या होत्या. इंदूरच्या मावशीचे वय अठ्ठ्याहत्तर, काका ब्याऐंशी वर्षांचे, मुलगा बंगलोरला. पोळ्यांना बाई येते, पण बहिणीची मुलगी येणार म्हणून पुरणपोळ्या मावशीने स्वतः केल्या. मंडळी रात्री दहाला सराफ्यातून पोट भरून परतली. मावशी म्हणाली, ''असू दे गं, उद्या खाल.'' उद्या पहाटे उज्जैनची टॅक्सी ठरलेली होती.

यापैकी कोणीही तक्रार केली नाही. आपल्याकडे पाहुण्याला बोलून दाखवायची रीत नाही. म्हणूनच पाहुण्याने न सांगता समजून घेणे गरजेचे असते. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे, एक न्हाणीघर आणि एक दिवसाआड येणारे पाणी, एवढा हिशेब निघण्यापूर्वीच करता येतो. घर लहान असेल तर जवळच्या लॉजमध्ये झोपण्याची सोय करून दिवसभर त्यांच्याकडे राहण्यात कसलाही परकेपणा नाही. एका रात्रीचे जेवण पाहुण्यांनी सगळ्यांना बाहेर द्यावे. सकाळी मंडईतून भाजी-फळे आणणे, आपल्या ताटांचा पसारा आपण आवरणे, मुलांकडून गाद्या गुंडाळून घेणे ही कामे सांगण्याची वाट पाहू नये. निघताना त्या घरातल्या कामवालीच्या हातावरही काही ठेवावे. चार दिवस तिच्याही वाट्याला जादा भांडी आलेली असतात.

देण्याघेण्याचेही तेच. इकडून साडी, तिकडून साडी, मुलांना पाकिटे, त्यांच्याकडून परत पाकिटे. यात कोणाच्याच हाती काही लागत नाही, पण बॅगा मात्र जड होतात. जावांनी किंवा बहिणींनी फोनवर आधीच ठरवून टाकावे की आहेर नको. मे महिन्यात हापूसची एक पेटी नेली तर तिची चव वर्षभर निघते.

हिशेब तासांचा

घरी परतल्यावर नवरा खर्चाची वही घेऊन बसला. बायकोने मागच्या कोऱ्या पानावर वेगळाच हिशेब मांडला. कोणाजवळ आपण खरोखर किती वेळ बसलो? झोप, प्रवास, टीव्हीसमोरचे जेवण सोडून. ग्वाल्हेरच्या मित्राकडे पंधरा तास भरले. वडोदऱ्याला थोरल्या दिरांशी चार तास, नोएडाला तीन. इंदूरला, जिथे तिला सर्वांत अधिक ओढ होती, तिथे दोन दिवस संपेपर्यंत जेमतेम एक तास.

आई आजारी असताना हीच मावशी तिला दोन वर्षे आपल्या घरी घेऊन गेली होती. त्या मावशीच्या वाट्याला एक तास.

त्या तासात भर पडली ती रेल्वेच्या कृपेने. निघण्याच्या दिवशी गाडी चार तास उशिरा असल्याचे कळले. बांधाबांध झालेली, पाहायचे काही उरले नव्हते. ती मावशीच्या खोलीत जाऊन पलंगावर टेकली. मावशी औषधांचा डबा उघडून बसली होती. तिला हल्ली चक्कर येते हे फोनवर ऐकले होते आणि ''वय झाले'' म्हणून दोघींनीही ते सोडून दिले होते. डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती. दोन डॉक्टरांनी दोन वेळा लिहून दिलेली, नावे निराळी, पण खाली बारीक अक्षरांत छापलेले औषध एकच. मावशीला ती अक्षरे दिसत नव्हती. ती दोन्ही घेत होती.

शेजारच्या डॉक्टरांना लगेच दाखवले. त्यांनी रक्तदाब तपासला, एक गोळी बंद केली आणि सगळी औषधे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. महिन्याभरात चक्कर कमी झाली. गाडी वेळेवर असती तर?

फोनवर न दिसणारे

आज बोलण्याची सोय इतकी झाली आहे की भेटण्याची गरज उरली नाही, असे काहींना वाटते. रोज व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो. पण फोन ज्याच्या हातात असतो तो आपल्याला हवे तेवढेच दाखवतो. चहाचा कप उचलताना हात थरथरतो, वरच्या मजल्यावरची खोली वर्षभर बंद आहे कारण जिना चढवत नाही, फ्रीजमध्ये दोन दिवसांपूर्वीची भाजी पुरवून खाल्ली जाते आहे, हे फोनवर दिसत नाही. ''मजेत आहोत'' हे उत्तर दिल्लीचा भाचाही देतो आणि इंदूरची मावशीही. खरे उत्तर मिळायला त्या घरात एक रिकामी दुपार काढावी लागते.

नात्यातल्या सुटीचा खरा उपयोग हा आहे. आपली माणसे कशी राहतात, कशाने सुखावतात, कुठे अडतात, हे डोळ्यांनी पाहून येणे. राजवाडे आणि पुतळे पुढच्या वर्षीही तिथेच असतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीबद्दल असे कोणाला सांगता येईल?

बेत आखताना

प्रेक्षणीय स्थळे पाहूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. मुलांना चार दिवस घरात डांबून ठेवले तर ती नातेवाइकांनाच कंटाळतील. मात्र बेत आखताना आधी माणसांची यादी करावी, मग स्थळांची. सोळा दिवसांत चार शहरांऐवजी दोन किंवा तीन पुरे. दर मुक्कामात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. बाहेर जायचे तर यजमानांना बरोबर न्यावे. पुष्कळदा त्या गावात राहूनही त्यांनी ते स्थळ अनेक वर्षांत पाहिलेले नसते.

एकाच शहरात पाच-सहा नातेवाईक असतील तर घरोघरी हजेरी लावू नये. दोन दिवसांत पाच ठिकाणी पोहे-जिलेबी खाऊन मुलांची पोटे बिघडतात आणि कोणाशीही बोलणे होत नाही. एखाद्या संध्याकाळी सर्वांनी एकत्र जमावे, जेवणाचा खर्च वाटून घ्यावा. रुसवेफुगवेही त्यामुळे टळतात. जे वयामुळे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे मात्र आवर्जून जावे.

तिकिटांचीही आधी तयारी हवी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. लागोपाठच्या गाड्यांपैकी एकीचे तिकीट प्रतीक्षा यादीत अडकले की पुढची सारी साखळी तुटते. ज्या स्थानकावरून निघायचे तिथेच परतायचे असेल तर रेल्वेचे चक्राकार प्रवासाचे तिकीट मिळते. त्यात वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते आणि लांब अंतरामुळे भाडेही कमी पडते. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण मात्र वेगळे करावे लागते. पहाटे चारला पोहोचणारी गाडी शक्यतो टाळावी. यजमानांची झोपमोड करून सुरू झालेला मुक्काम कोणालाच सुखाचा होत नाही.

ठाण्याच्या त्या शिक्षिकेने दिवाळीच्या सुटीत मुलीला घेऊन पुन्हा इंदूर गाठले. चार दिवस, एकच घर. पाहायचे काही नव्हते. मावशीने नातीला पुरणपोळी लाटायला शिकवली, काकांनी जुनी छायाचित्रे काढून कोण कोणाचे कोण ते सांगितले आणि मुलीने प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवली. त्यांतली निम्मी नावे त्या घरात आता फक्त काकांनाच ठाऊक होती.

पुढच्या सुटीचा नकाशा उघडाल तेव्हा शहरांवर खुणा करण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे : तिथे आपली वाट कोण पाहत आहे आणि त्यांच्याजवळ बसायला आपण किती तास राखून ठेवले आहेत?