आधीची उधारी

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात आणखी दोन संच येऊ घातले आहेत. कोळशावर चालणारे, प्रत्येकी ६६० मेगावॅटचे. नवरात्रात जगदंबेच्या दर्शनाला येणारा भाविक ज्या चिमण्या लांबूनच बघत येतो, त्यांच्याच आवारात. इथला पहिला संच १९७४ चा. पुढच्या दहा वर्षांत सात संच झाले, मिळून ११०० मेगावॅटचे. ते म्हातारे झाले, एकेक करून बंद पडत गेले. सहावा तेवढा जागतिक बँकेच्या मदतीने डागडुजी करून चालवला गेला. २०१५ ते २०१७ दरम्यान शेजारीच ६६० मेगावॅटचे तीन संच सुरू झाले. आता त्यांच्या पाठीवर ही जोडी.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर कोळसा कशाला, असे या अंकाच्या वाचकाने विचारू नये. त्याला संपादकांची खोड ठाऊक आहे. वर्षभर जे सलत राहते तेच इथे येते. आढावा हवा असेल त्याच्यासाठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत.

तरी रीत म्हणून चार ओळी. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. पहिलीपासून हिंदी लादणारे शासन निर्णय जूनअखेर मागे घ्यावे लागले. मराठी माणूस अजून एकत्र येऊन ओरडू शकतो हे त्यातून कळले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली शेते मातीसकट वाहून गेली आणि यंदाची दिवाळी तिथे कशी गेली असेल हे सांगायला संपादकीयाची गरज नाही. जुलैत शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. तारीख होती ११ जुलै.

ती तारीख नीट लक्षात राहिली, कारण त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट किल्ल्यांच्या आनंदात दिसलीच नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि देशातल्या सुमारे ७८ टक्के कोळसा संचांना गंधक-वायू धुण्याची यंत्रणा बसवण्यापासून मोकळे केले. वर्षभराचा सल तो हाच.

या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. काम साधे आहे. कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. चिमणीत जाण्याआधी हा धूर चुनखडीच्या पाण्यातून काढला की वायू तिथेच अडतो आणि मागे जिप्सम उरते. यंत्रणा महाग आहे, जागा खाते, थोडी वीजही खाते. पण ती काही चांद्रमोहीम नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी नवी मानके काढली आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०१७ उजाडले, मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडले आणि गटागटाने तारखा दिल्या. २०२२ मध्ये त्यात आणखी दोन वर्षे. २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आणखी तीन. आणि मग जुलैत, बहुतेकांना माफी. किराणा दुकानदार अशी उधारी एकदा सोसेल, फार तर दोनदा. इथे दहा वर्षे सोसली गेली, आणि जो सोसत होता त्याला वहीत नाव लिहायलाही कोणी बोलावले नाही.

भारतीय कोळशात गंधक कमी, ही माफीमागची सबब. कमी आहे हे खरे. पण कोळसा किती जळतो तेही बघावे लागते. ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साधारण दहा हजार टन कोळसा खातो. दोन नव्या संचांना रोज पाचेक मालगाड्या लागतील. शिवाय हा वायू वायू म्हणून राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि वाऱ्यासोबत दूरवर जातात. चिमणी उंच बांधली की कोराडीवर कमी पडते आणि पुढच्या गावांवर पडते, एवढेच.

एफजीडी महाराष्ट्राला नवी असती तर गोष्ट वेगळी. मुंबईत ट्रॉम्बेच्या पाचव्या संचाला समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी ऐंशीच्या दशकात बसली. डहाणूची कथा तर प्रत्येक ऊर्जामंत्र्याला शपथविधीच्या दिवशी वाचून दाखवावी अशी आहे. चिकूच्या वाड्यांच्या त्या तालुक्यात ५०० मेगावॅटचे केंद्र उभे राहिले ते विरोध पत्करून. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि अध्यक्षपदी आले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. एफजीडी बसवण्याची अट कंपनीला होतीच. कंपनी चालढकल करत राहिली आणि प्राधिकरण मागे लागत राहिले. शेवटी बँक हमीचा बडगा उगारल्यावर काम हलले. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. केंद्र काही बंद पडले नाही, कंपनी काही बुडाली नाही.

ट्रॉम्बेला जमले, डहाणूला जमले. कोराडीचे तीन संच त्यानंतर आठ-दहा वर्षांनी, नव्या तंत्राचे म्हणून वाजतगाजत सुरू झाले, आणि या यंत्रणेविना सुरू झाले. मे २०२३ च्या रणरणत्या उन्हात नव्या जोडीसाठी जनसुनावणी झाली तेव्हाही एफजीडी चालू नव्हती. सुनावणीत लोकांनी विचारायचे ते विचारले, बराच गोंधळ झाला, इतिवृत्त झाले, कागद पुढे सरकला.

इथे एक गोष्ट नमूद करावी लागेल. २०१४ पासून राज्याचे ऊर्जा खाते जवळपास सलग नागपूरकरांकडे आहे. आधी चंद्रशेखर बावनकुळे, जे मुळात कोराडीचेच. मग नितीन राऊत. मग देवेंद्र फडणवीस. तीन पक्ष नाहीत, पण दोन कट्टर विरोधी पक्ष तरी आहेत. मुंबईच्या मंत्र्याला राखेतले काय कळणार, अशी सोय विदर्भाला उरलेली नाही.

राखेचा हिशेब वेगळाच. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. १९९९ पासून केंद्र सरकार ती वापरून संपवा असे सांगते आहे, सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांत. काही जाते, उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडीचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांतून, नाल्यांतून नदीत गेले आणि कन्हानवरून नागपूरला होणाऱ्या पाणीपुरवठ्यावर त्याचा परिणाम झाला. त्याच वर्षीच्या सुरुवातीला नांदगावच्या राखेने असा आरडाओरडा झाला होता की तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांना तिथे यावे लागले आणि राख टाकणे थांबवावे लागले. नवे संच आले की नवी राख येणार. ती कुठल्या गावच्या शिवारात जाणार, हे गावाला आधी कळावे एवढी साधी अपेक्षाही आजवर पुरी झालेली नाही.

आता दुसरी बाजू. कोराडी चालवणाऱ्या महानिर्मिती या सरकारी कंपनीचे अभियंते मूर्ख नाहीत आणि खलनायकही नाहीत. २१० मेगावॅटचा जुना संच कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरवतो. नवा सुपरक्रिटिकल संच ३८ ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे तेवढ्याच कोळशात जास्त वीज. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याचे काम राज्यात जोरात चालू आहे, पण सूर्य मावळल्यावर घराघरांतले दिवे, पंखे, एसी एकदम लागतात तेव्हा सौर पट्ट्या झोपलेल्या असतात. साठवणुकीसाठी आपल्याकडे मुख्यतः घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आणि भिऱ्याचा एक संच. एवढ्यावर महाराष्ट्राची संध्याकाळ निघत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. खेड्यात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांना हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

आणि कोराडीने एक काम उत्तम केले आहे. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून ते वीज केंद्राला वापरायचे, दिवसाला तेरा कोटी लिटर, ही योजना देशभर दाखवण्यासारखी आहे. पाण्यासाठी पेंचवरचा भार त्याने हलका झाला. परळीचे केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याविना बंद ठेवावे लागले होते, त्या पार्श्वभूमीवर याचे मोल कळते. ज्या कंपनीला हे सुचते आणि जमते, तिला चुनखडीचे पाणी जमत नाही यावर विश्वास कसा ठेवायचा?

प्रत्येक गावाला संच नकोच आहे असेही नाही. नाशिकजवळ एकलहरे येथे उलटा प्रकार आहे. तिथले जुने संच थकले, ६६० मेगावॅटचा नवा संच कागदावर येऊन वर्षे लोटली आणि तो व्हावा म्हणून कामगार आणि ग्रामस्थ आंदोलने करतात. त्यांचे पोट त्या चिमणीवर आहे. भुसावळला दीपनगरात सहावा संच, तोही ६६० चाच, मोठ्या विलंबाने का होईना उभा राहिला. पुण्या-मुंबईत एसी लावून कोळशाचा निषेध करणाऱ्यांनी एकलहऱ्याला एकदा जाऊन यावे. ‘नको’ म्हणणे सोपे असते, विशेषतः आपली वीज दुसऱ्याच्या गावातून येते तेव्हा.

म्हणून या अंकाचे म्हणणे ‘संच नकोत’ असे नाही. म्हणणे एवढेच की आधीची उधारी चुकती झाल्याशिवाय नवे खाते उघडू नये. कोराडीच्या तिन्ही चालू संचांवर एफजीडी बसून ती रोज चालू आहे, हे चिमणीवरच्या मोजमापासकट लोकांसमोर आले पाहिजे. खसाळ्याच्या बंधाऱ्याचे पुढे काय झाले, साठलेली राख किती आणि कुठे चालली, हे सुरादेवी-खसाळ्याच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागले पाहिजे. आणि नव्या जोडीचे काम पुढे जाण्याआधी डहाणूसारखी बँक हमी घ्यावी, जी यंत्रणा वेळेत बसली नाही तर आपोआप जप्त होईल. सरकारी कंपनीला सरकारने हमी मागणे विचित्र दिसेल खरे, पण सरकारी चिमणीचा धूर खाजगी चिमणीच्या धुराहून वेगळा लागत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’. हे संपादकीय आणि तो विषय यांचा सांधा ओढूनताणून जुळवला आहे अशी कुरकुर संपादक मंडळातच झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. अंकात वाड्यांचे शेजार आहेत, सीमाभागातले आहेत, परदेशातल्या मराठी कुटुंबांचे आहेत. वीज केंद्राच्या शेजारावर लेख मिळाला नाही. म्हणून पहिले पान तरी त्याला द्यावे असे ठरले.

राहता राहिली तारीख. जुलैच्या अधिसूचनेत दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना माफी नाही. त्यांनी ३० डिसेंबर २०२७ पर्यंत मानके पाळायची आहेत. कोराडीच्या चिमण्यांपासून नागपूरची वेस दहा किलोमीटरच्या आतच आहे. ही मुदत २०२७ ची दिवाळी होऊन गेल्यावर संपते. तेव्हा २०२८ च्या अंकात, याच पानावर, ती पाळली गेली की पुन्हा पुढे ढकलली, हे छापले जाईल.